गाणं, नाटक, चित्रकला ही समाजाची चैन आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ-लालबाग भागात मी गाण्याचे वर्ग घेते. पालक, सोसायटीचे सभासद आणि कॉलेजात जाणारी मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, खरं सांगा, गाणं-बजावणं हे सगळं पोट भरल्यावरचंच ना?

आपला इतिहास याच्या अगदी उलट साक्ष देतो. जात्यावरच्या ओव्या घ्या. पहाटे उठून दळायला बसणाऱ्या बायांनी त्या रचल्या, आणि त्यातल्या अनेकींच्या घरी पुढच्या महिन्याच्या धान्याचीही शाश्वती नसायची. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या सोबत्यांच्या मदतीने अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, सासरचा जाच आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेबही आहेत. त्या बायांना कुणी मानधन देत नव्हतं आणि ऐकायला कुणी तिकीट काढून येत नव्हतं.

मुंबईतच पाहायचं तर गिरणगाव पाहा. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, उरलेला पैसा गावी मनिऑर्डरने पाठवणारे कामगार इथे राहत होते. त्यांनीच भजनी मंडळं चालवली, डबलबाऱ्या म्हणजे दोन भजनी मंडळांचे सामने रंगवले, शक्ती-तुरा आणि दशावतार या कोकणातल्या लोककला इथे आणल्या आणि कामगार रंगभूमी उभी केली. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ घरोघर पोचली त्यात या शाहिरांच्या डफाचा वाटा फार मोठा आहे. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली आणि मराठी कवितेत कामगाराचा आवाज आणला.

जी गोष्ट सोडून दिली तरी जगण्यात काही उणं पडत नाही, तिला मी चैन म्हणेन. ज्यांच्याकडे सोडण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं, त्यांनी गाणं सोडलं नाही. माझ्यासाठी याहून मोठा पुरावा नाही.

२. मग कलेवरचा कोणताच खर्च उधळपट्टी नसतो असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. पैसा कला सादर करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांवर खर्च होतो आहे की नुसत्या दाखवण्यावर, हे मी पाहते. त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.

३. हॉस्पिटलात खाटा नाहीत, रस्त्यांवर खड्डे आहेत. अशा वेळी सरकारने नाटक-संगीतावर पैसा का घालवावा?

आधी रक्कम पाहू. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा होता. त्यात सांस्कृतिक मंत्रालयाला सुमारे ३,३६१ कोटी मिळाले. शंभर रुपयांमागे हे सात पैसेही भरत नाहीत. त्यातलाही मोठा हिस्सा पुरातत्त्व खात्याकडे जातो आणि मग संग्रहालयं, ग्रंथालयं, अकादमी यांचा नंबर लागतो. नाटक, नाच, गाणं यांच्या वाट्याला काय उरत असेल ते तुम्हीच ताडा. हे सात पैसे काढून घेतले तर देशातली आरोग्यव्यवस्था सुधारेल असं मला वाटत नाही.

प्रश्नातली कळकळ मात्र खरी आहे. एखाद्या गावाला औषध आणि महोत्सव यांतलं एकच परवडत असेल तर औषधच आणावं. मुंबई तशा परिस्थितीत नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास ही नाट्यगृहं पालिकेचीच आहेत, आणि उपनगरातल्या माणसाला नाटकासाठी दर वेळी दादर गाठावं लागत नाही ते त्यांच्यामुळे. नाट्यगृहाला कुलूप घातलं म्हणून के.ई.एम.मध्ये खाट वाढत नाही. खाटा हव्यात तर त्या मागायला हव्यात, आणि मागणाऱ्यांत मीही आहे.

या प्रश्नावर मला नेहमी सीएसएमटीची इमारत आठवते. गाड्या सोडायला पत्र्याची शेड पुरली असती. १८७८ ते १८८८ या काळात ती इमारत उभी राहिली, आणि तिच्यावरची पानं, फुलं, प्राणी, चेहरे हे कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. ही शाळा १८५७ सालची. जमशेटजी जीजीभॉय यांनी तिच्यासाठी एक लाख रुपये दिले होते. तेव्हाही एवढ्या पैशात किती विहिरी खणता आल्या असत्या हा हिशेब मांडता आला असता. आज कर्जतहून आणि पनवेलहून येणारा माणूस रोज त्या कमानींखालून जातो, आणि त्यासाठी त्याला वेगळं तिकीट काढावं लागत नाही. सार्वजनिक पैशातून झालेली कला अशी सर्वांच्या वाटेवर असावी, एवढा माझा आग्रह आहे.

४. चर्चिलला युद्धात कलेचं बजेट कापायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग आपण लढतोय कशासाठी?’ हे खरं आहे का?

चर्चिलने असं म्हटल्याचा कोणताही पुरावा सापडत नाही. कृपया ते पुढे पाठवू नका. आपली बाजू खरी असली की तिला खोट्या साक्षीदाराची गरज पडत नाही.

प्रत्यक्षात घडलं ते त्या वाक्याहून सुंदर आहे. युद्ध सुरू झाल्यावर लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली गेली. त्या रिकाम्या दालनांत मायरा हेस या पियानोवादक बाईंनी ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. प्रवेश एका शिलिंगात. बॉम्बहल्ले चालू असतानाही मैफली थांबल्या नाहीत आणि १९४६ पर्यंत चालल्या. १९४० मध्येच ब्रिटनने संगीत आणि कलांना उत्तेजन देणारी एक परिषद नेमली. पुढे तिचीच आर्ट्स कौन्सिल झाली.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर जुलै १९२१ मधला मुंबईतला ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग आठवा. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नट टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. स्वातंत्र्याच्या लढ्याने गाण्याला बाजूला केलं नाही, त्याच्याकडे मदत मागितली.

५. नाटकाचं तिकीट ५०० रुपये! चार माणसांचे दोन हजार. ही चैन नाही तर काय?

चार माणसांच्या घराला दोन हजार जड जातात, हे मान्यच. पण तिकीट महागतं त्यामागे नुसता निर्मात्याचा लोभ नसतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली याचं कारण नीट मांडलं. गिरणीत एका विणकराच्या हाती दोनाऐवजी चार माग आले की माणशी कापड वाढतं आणि वाराला खर्च कमी येतो. नाटकात तसं होत नाही. पाच पात्रांच्या दोन अंकी नाटकाला पन्नास वर्षांपूर्वी पाच नट आणि दोन-अडीच तास लागायचे, आजही तेवढेच लागतात. बाकी जगातले पगार वाढले की नटाचा, साथीदाराचा, पडदा ओढणाऱ्याचा पगारही वाढवावा लागतो, कारण त्यालाही याच मुंबईत घरभाडं भरायचं असतं. उत्पादन तेवढंच राहतं आणि खर्च वाढतो. त्यावर नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्य वाहून नेणारा टेम्पो आणि जाहिरात असतेच.

पाचशेचा आकडाही उगाच आलेला नाही. नाटक, नृत्य, संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे, त्याच्या वर १८ टक्के लागतो. म्हणून पुढच्या रांगांचं तिकीट बऱ्याचदा बरोबर पाचशेवर थांबलेलं दिसतं.

बाल्कनीचं तिकीट याहून बरंच कमी असतं. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतून पाहिलेलं नाटक कमअस्सल ठरत नाही. एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग तर फारच स्वस्तात पाहता येतात. गर्दी कमी असते तिथे, म्हणून मुद्दाम सांगते.

६. मोबाइलवर सगळं फुकट मिळतं. मग मैफलीला कशाला जायचं?

मोबाइलवर जरूर ऐका, मीही ऐकते. पण समोर बसलेल्या श्रोत्याची दाद पाहून गाणारा पुढची तान बदलतो. ते फक्त त्या खोलीत घडतं. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही नसता. आणि ते ‘फुकट’ कुणाच्या खिशातून जातं, ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

७. गाणं शिकलं की मुलांचं गणित सुधारतं म्हणतात. त्यासाठी घालू का क्लासला? आणि दहावीला बंद करू का?

गणितासाठी नका घालू. गणितासाठी गणितच करावं लागतं.

ही समजूत पसरली ती १९९३ साली नेचर या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगावरून. त्यात कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं संगीत ऐकवलं होतं. आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरलाही. त्यात लहान मुलं नव्हती, गाणं शिकणंही नव्हतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांच्या घरी शास्त्रीय संगीताच्या सीडी पाठवायचं ठरवलं. गाण्याला दुसऱ्या कुणाची चाकरी करायला लावलं की असं होतं. पुढे चाकरी जमली नाही असं ठरलं की गाण्यालाच टाकाऊ म्हणतात. मूल सुरात सूर मिळवायला शिकतं, दुसऱ्याचं ऐकून मग आपलं म्हणायला शिकतं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

दहावीचं म्हणाल तर इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीनुसार बोर्डाचे वाढीव गुण मिळतात: ‘अ’ला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. शास्त्रीय गायन-वादन-नृत्य आणि लोककलांसाठीही सवलत आहे. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्यामुळे मुदत आधीच विचारून ठेवा. क्लास आठवड्यातून एकदाच ठेवा, पण तोडू नका. दिवसभर पुस्तकात डोकं घातलेल्या मुलाला तासभर मोकळेपणाने गाऊ द्यावं.

८. यात पोट भरतं का? की हौसच?

भरतं, पण अनियमित आणि फार थोड्यांचं भरपूर. नाटकातल्या मंडळींना प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याला ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. या काळात नेपथ्य लावणारे, रंगभूषा आणि कपडेपट सांभाळणारे लोक काय अवस्थेत होते ते ज्यांनी पाहिलं, त्यांनी या क्षेत्राला चैन म्हणू नये. चैन बंद पडली तर लोकांच्या चुली बंद पडत नाहीत.

बॅन्जो पार्टी, ऑर्केस्ट्रातले वादक, ढोलकीवाले यांचं वर्ष गणपती, नवरात्र आणि लग्नसराईवर चालतं. मूर्तिकाराचं काम तर गणपतीच्या कितीतरी महिने आधी सुरू होतं. गीतकार-संगीतकारांसाठी २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गाणं चित्रपटासाठी विकून टाकलं तरी पुढच्या वापरावरचा रॉयल्टीचा वाटा आता त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. यासाठी अनेक वर्षं भांडावं लागलं. आपल्याला फुकट मिळणारं गाणं कुणाच्या तरी मजुरीतून आलेलं असतं.

मुलाला याच क्षेत्रात जायचं असेल तर जाऊ द्या, पण सोबत ध्वनिमुद्रण, प्रकाशयोजना, शिकवणं यांतलं एखादं काम पक्कं शिकू द्या.

९. गणपतीत मंडळं लाखो रुपये स्पीकरवर उडवतात. त्यालाही तुम्ही कला म्हणणार का?

नाही म्हणणार. मी लालबागच्या जवळच राहते, त्यामुळे हे पूर्ण विचारांती सांगते.

१८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. त्यानंतरच्या काळात उत्सवात मेळे म्हणजे गाणी-संवाद सादर करणारी पथकं आली, व्याख्यानं, पोवाडे, नाटकं, मैफली आल्या. कितीतरी नट-गायक पहिल्यांदा उभे राहिले ते मंडपात. मूर्तिकार, रंगारी, देखावे करणारे, लेझीम आणि ढोल-ताशाची पथकं यांच्यावर झालेला खर्च माणसांच्या हातात जातो आणि त्यातून पुढची पिढी शिकते. भाड्याने आणलेल्या स्पीकरच्या भिंतीतून कुणीच काही शिकत नाही. रस्त्यावरचं तान्हं बाळ आणि घरातला हृदयरोगी यांना फक्त त्रास होतो. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. मंडळाच्या मीटिंगमध्ये हे आकडे मांडा. त्याच पैशात तीन संध्याकाळ वस्तीतल्या मुलांचं नाटक बसवता येईल, हेही सांगा.

१०. शास्त्रीय संगीत तर राजेरजवाड्यांचं आणि श्रीमंतांचं. सामान्य माणसाने त्याचा भार का उचलावा?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. हे संगीत दरबारात वाढलं, हे खरंच आहे. ज्या बायांनी ते जिवापाड जपलं त्यांतल्या अनेकींना समाजाने मान दिला नाही, त्यांच्या गाण्याचा आनंद मात्र घेतला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आल्या आणि मुंबईत राहून अपार कष्टाने मोठ्या झाल्या. तमाशातल्या, लावणीतल्या बायांच्या वाट्याला तेवढा मानही आला नाही. अन्यायाचं हे ओझं कलेच्या इतिहासात आहे आणि ते लपवू नये.

पण दरबारातून बाहेर काढण्याचं काम याच शहरात मोठ्या प्रमाणावर झालं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ मध्ये ते मुंबईला आले. फी भरून कुणीही शिकावं, तिकीट काढून कुणीही ऐकावं, ही रीत त्यांनी रुजवली. उत्तर प्रदेशातून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या भावांचं घराणं तर भेंडीबाजाराच्या नावानेच ओळखलं जातं. बी. आर. देवधरांच्या शाळेत कुमार गंधर्व शिकले. हे सगळं आधी थोड्यांचं होतं, म्हणून सोडून द्यायचं का? शिक्षणही एकेकाळी थोड्यांचंच होतं. आपण शाळा पाडल्या नाहीत, दारं उघडायला लावली.

११. टॉलस्टॉयसारखा मोठा लेखकही कलेला उधळपट्टी म्हणाला होता. त्यावर काय म्हणाल?

त्याचं ‘कला म्हणजे काय?’ हे पुस्तक पूर्ण वाचा म्हणेन. १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या, तालमीचं वर्णन आहे: शेकडो कामगार राबताहेत, दिग्दर्शक त्यांना शिव्या देतो आहे, आणि हे सगळं कुणासाठी, असं टॉलस्टॉय विचारतो. विचारण्यासारखंच आहे. पण त्याच पुस्तकात पुढे तो आपल्या मुलीच्या लग्नानंतर अंगणात गाणाऱ्या शेतकरी बायांचं गाणं सांगतो आणि त्याला अस्सल कला म्हणतो. त्याच दिवशी ऐकलेला बेथोवेन त्याला त्यापुढे फिका वाटला. बेथोवेनबद्दल मी त्याच्याशी सहमत नाही. कामगाराला चिरडून उभी राहणारी कला आणि बायांच्या गळ्यातून आलेली कला यांत त्याने केलेला फरक मात्र पटतो. प्रश्न १ मधल्या ओव्या त्याला आवडल्या असत्या.

१२. पूर, अपघात, दंगल अशा वेळी कार्यक्रम रद्दच करावा ना?

त्याच वस्तीत दुःख झालं असेल तर पुढे ढकला. पण दूर कुठे काही घडलं की सर्वात आधी गाण्याचा कार्यक्रम रद्द होतो आणि हॉटेलं, मॉल चालूच राहतात, हे मला बरोबर वाटत नाही. रद्द केलाच तर साथीदारांची बिदागी बुडवू नका. तबलजीने त्या तारखेला दुसरं काम नाकारलेलं असतं.

१३. आमच्या चाळीचा पुनर्विकास होतोय. कमिटी म्हणते हॉल नको, जिम हवी. काय करावं?

हॉलसाठी भांडा. चाळीत गॅलरी होती, चौक होता. तिथे भजनाचा सराव, नाटकाची तालीम, मुलींचं मंगळागौरीचं नाचणं फुकट होत असे. टॉवरमध्ये प्रत्येकाचं दार बंद असतं, आणि त्या चौकाची जागा कुणी मुद्दाम मागितली नाही तर ती कागदावर येतच नाही. परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा लोककलावंत रस्त्यावर उतरले, कारण शक्ती-तुरा आणि नमन करणाऱ्या मंडळांना परवडणारा दुसरा रंगमंच जवळ नव्हता.

फार मोठं काही लागत नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या सभागृहात सत्तरच्या दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमी वाढली. कमिटीकडे एवढं मागा: पन्नास माणसं मांडी घालून बसतील अशी खोली, आवाज बाहेर जाणार नाही असं दार, पेटी-तबला ठेवायला कुलपाचं कपाट आणि रात्री दहापर्यंत वापराचा लेखी नियम. मागणी आराखडा मंजूर होण्याआधी, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

१४. घरात आजारपण निघालंय, कर्जही आहे. मुलीच्या गाण्याची फी थांबवली तर चुकेल का?

अजिबात नाही चुकणार. औषध आधी, हे मी प्रश्न ३ मध्येही म्हटलं आहे. फी थांबवा, पण न सांगता क्लास सोडू नका. बाईंना किंवा सरांना स्पष्ट सांगा. बरेच जण अशा मुलांना पुढच्या काही महिन्यांसाठी फीशिवाय बसू देतात, आणि मी स्वतः देते. तेही जमलं नाही तर घरी रोज वीस मिनिटं षड्ज आणि अलंकार चालू ठेवायला सांगा. तानपुऱ्याचं अ‍ॅप फुकट मिळतं. मुलीला घरची परिस्थिती समजावून सांगा, म्हणजे तिला ती शिक्षा वाटणार नाही. पेटी मात्र घाईने विकू नका. जुन्या पेटीला फार कमी पैसे येतात आणि नवी घेताना कितीतरी पट मोजावे लागतात.